देवकाते साहेबांनी काढलेली शिंगं

देवकाते साहेबांच्या शर्टाच्या खिशाला पेन नसायचं, खडू असायचा. पांढरा, अर्धा मोडलेला. त्यामुळे तो खिसा कायम पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसायचा. सही करायची वेळ आली की ते समोरच्याचं पेन मागायचे आणि सही झाली की न विसरता परत करायचे. मॅनेजर माणूस पेन परत करतो, हे मी बारामतीच्या एमआयडीसीत पहिल्यांदा पाहिलं.

मॅनेजर या प्राण्याविषयी माझं मत नोकरी लागण्याआधीच पक्कं होतं. इंदापूरला आमच्या घरी भांड्यांच्या फळीखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील चळवळीतले. बुद्धविहाराच्या ओट्यावर सभा झाली की उरलेली पत्रकं आमच्याकडे यायची, आणि बाराखडी संपल्यावर मी थेट तीच वाचायला घेतली. त्या पत्रकांत मॅनेजरचं चित्र ठरलेलं असे: सुटलेलं पोट, तोंडात चिरूट आणि पायाखाली कामगार. नव्वदीच्या मध्यावर मी बी.एस्सी. होऊन एका डेअरीच्या प्रयोगशाळेत रुजू झाले, तेव्हा डोळे त्याच चित्राचा माणूस शोधत होते. भेटले ते देवकाते साहेब. काटकुळे, कानावर केसांचे दोन झुबके, आणि पायात दोन नंबर मोठे गमबूट. डेअरीत सगळीकडे पाणी, म्हणून गमबूट सगळ्यांनाच लागायचे. पण साहेब ते घालून मालकांच्या गालिच्यावरही जायचे. कुणी टोकलं तर म्हणायचे, "गालिचा धुता येतो की. म्या पाय कितींदा धुवू?"

खडूचं कारण वेगळं होतं. कारखान्यातल्या पाट्या इंग्रजीत, आणि निम्म्या कामगारांना इंग्रजी येत नव्हतं. साहेबांनी पाट्या बदलून मागितल्या. वरून उत्तर आलं, पुढच्या वर्षी बघू. मग त्यांनी खडू घेतला आणि चित्रं काढायला सुरुवात केली. वाफेच्या नळीवर बाहेर लोंबणारी जीभ काढली, म्हणजे हात लावाल तर चटका. ॲसिडच्या खोलीच्या दारावर नांगी उगारलेला विंचू. जिथं फरशी निसरडी, तिथं उताणा पडलेला माणूस, आणि त्याचा चेहरा हुबेहूब आमच्या स्टोअरकीपरसारखा, कारण तो तिथं दोनदा पडला होता. स्वतःच्या केबिनच्या दारावर त्यांनी लांब कानांचं गाढव काढलं होतं.

"साहेब, हे काय?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"आत कोण बसतंय, ते बाहेरच्याला कळाया नको व्हय?"

ते बारामती तालुक्यातल्या कोऱ्हाळ्याचे. वडिलांचा मेंढरांचा कळप होता, आणि साहेबांनी लहानपणी कळपामागं हिंडता हिंडता शाळा केली होती. कळप कधीच गेला, घरची शेती आली, पण मेंढपाळाचा डोळा राहिला होता. सकाळी पाळी सुरू होताना साहेब फाटकाशी उभे असायचे. मोटारसायकली आत येत, सायकली येत, पॅकिंगच्या बाया घोळक्यानं येत. साहेबांच्या हातात हजेरीपट नसे. शेवटचा माणूस आत आला की ते म्हणायचे, "सुमन न्हाय आली. आन् तो कॅन धुणारा, डाव्या हाताचा. बघा रं काय झालंय." बघायला माणूस जायचाच. पगार कापायला नाही, खरंच काय झालंय ते बघायला. सुमनच्या सासूला विंचू चावला होता, तेव्हा डेअरीची जीप तिला दवाखान्यात घेऊन गेली होती.

एकदा पुण्याहून एक तज्ज्ञ आले. विषय होता नेतृत्व. प्रोजेक्टरनं भिंतीवर हुद्द्यांचे चौकोन पाडले. सर्वांत वरच्या चौकोनात एक टाय घातलेला माणूस. तज्ज्ञांनी साहेबांना उभं केलं.

"मिस्टर देवकाते, तुमच्या हाताखाली किती माणसं आहेत?"

"मोजली न्हाईत."

"मॅनेजर आहात, आणि माणसं मोजली नाहीत?"

"आमचा बा मेंढरं मोजत न्हवता वं," साहेब अगदी नम्रपणे म्हणाले. "कोण न्हाय, ते बघायचा. आकडा बरुबर भरला आन् त्यात दुसऱ्याचंच मेंढरू असलं तर काय करायचं?"

सगळी खोली हसली. तज्ज्ञही हसले, पण त्यांनी पुढचं चित्र जरा घाईनंच लावलं.

मी हसले नव्हते. मला हे सगळं गोडगोड वाटत होतं, आणि गोडगोड गोष्टींनी माणूस झोपी जातो असं आमच्या पत्रकांत लिहिलेलं होतं. म्हणून त्याच आठवड्यात मी कॅन्टीनच्या भिंतीवर हातानं लिहिलेलं एक पत्रक चिकटवलं. पॅकिंगच्या बायांच्या संडासाला दिवसभर कुलूप असे, किल्ली टाइम ऑफिसातल्या पुरुष कारकुनाकडे. बाईनं जायचं तर चारचौघांत त्याच्याकडे किल्ली मागायची. पत्रकाचा मथळा होता: 'मॅनेजर हा मालकाचा माणूस असतो!' दुपारी जेवायला गेले तर पत्रक जागेवरच होतं. फाडलेलं नव्हतं. खाली भिंतीवर खडूनं लिहिलेलं होतं:

'खरं हाय. पण मालकाला अजून पटलेलं न्हाय.'

त्याखाली अजून एक ओळ होती: 'कुलपाचं ठाऊक न्हवतं. चूक माझी.' कुलूप तर तेव्हाच निघालेलं होतं. संध्याकाळी साहेब प्रयोगशाळेच्या दारात आले आणि म्हणाले, "सोनवणेबाई, भिंतीवर लिवायच्या आधी माज्या तोंडावर बोलला असता, तर बायांचे चार दिस वाचलं असतं." तो टोला मला लागला. पत्रकांत मॅनेजरच्या तोंडावर बोलायची सोय नव्हती.

आता ज्या दिवसासाठी हे सगळं लिहायला बसले, तो दिवस. कोजागरीची सकाळ.

आमच्याकडे पाश्चराइज केलेल्या दुधाच्या दोन मोठ्या टाक्या होत्या. एकीत गाईचं, एकीत म्हशीचं. टाक्या आलटून पालटून धुतल्या जात, त्यामुळे कोणत्या टाकीत आज काय, हे रोज बदलायचं. म्हणून साहेब रोज टाकीवर खडूनं जनावराचं तोंड काढायचे, शिंगांसकट. मशीनवरचा माणूस ते तोंड बघायचा आणि त्याप्रमाणे नळी जोडायचा. टाकीपासून पिशवीपर्यंत दूध बंद नळीतून जातं, वाटेत कुणाला दिसत नाही. इतकी वर्षं कधी चूक झाली नव्हती.

त्या आठवड्यात नवा ऑपरेटर आला होता, आणि आदल्या रात्री तो मशीनवर पहिल्यांदाच एकटा होता. संपत नावाचा, इंदापूर तालुक्यातल्या भीमेकाठच्या गावचा. उंच, लाजरा, बोलताना स्वतःच्या गमबुटांकडे बघणारा. सहा महिने नीट काम केलं तर कायम करू, असं त्याला सांगितलेलं. त्याच्या घरात पगाराची नोकरी लागलेला तो पहिलाच.

कोजागरीला आटवायला सगळ्यांना म्हशीचं दूध लागतं. पहाटेच इंदापूरचा टेम्पो भरून गेला होता, बारामतीच्या गाड्या भरायच्या होत्या. तेवढ्यात फाटकासमोर चहाची टपरी चालवणाऱ्या शेवंताबाई थेट आत आल्या. त्यांच्या एका हातात फोडलेली पिशवी होती आणि दुसऱ्या हातात पातेलं.

"ज्ञानदेवा," वयानं मोठ्या म्हणून त्या साहेबांना नावानं हाक मारायच्या, "तुज्या म्हशीला कावीळ झालीया का रं?"

पातेल्यातलं दूध पिवळसर होतं. पिशवीवर निळ्या अक्षरांत छापलेलं: म्हशीचे दूध. म्हशीचं दूध पांढरंफेक असतं, पिवळी झाक गाईच्या दुधाला. मी फॅट तपासली. पिशवीवर म्हैस, आत गाय. साहेबांनी गाईची पिशवी फोडून तपासायला सांगितली. तिच्यात म्हैस होती. रात्रभर दोन्ही नळ्या उलट जोडलेल्या होत्या.

संपत पांढरा पडला. "साहेब, म्या शिंगं बघूनच जोडलं," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

तेवढ्यात धाकले मालक आले. थोरल्या मालकांचे चिरंजीव, पुण्याहून मॅनेजमेंट शिकून नुकतेच आलेले. कोट, बूट, आणि गरज नसताना इंग्रजी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला.

"हा ऑपरेटर आजच काढून टाका. माल जाऊ द्या. कोजागरीच्या दुधात केशर पडतं. केशर पडल्यावर कुणाचं दूध पिवळं नाही होत?"

खरं सांगते, क्षणभर मलाही ते हुशारीचं वाटलं. मग राग आला. मी तोंड उघडणार, एवढ्यात साहेब म्हणाले, "मालक, एक मिनिट. आधी माणूस काढायचा का चूक?" आणि त्यांनी सगळ्यांना टाक्यांपाशी बोलावलं.

एका टाकीवर लांब, वर गेलेल्या शिंगांचं तोंड होतं. दुसऱ्या टाकीवर आखूड, आत वळलेल्या शिंगांचं.

"सुमन, हे लांब शिंगांचं काय हाय?"

"गाय," सुमन म्हणाली. ती कोऱ्हाळ्याशेजारचीच.

"का?"

"खिल्लार न्हाय का? आमच्याकडं गाय अशीच."

"मारुती, तू सांग." मारुती कॅन धुणारा, इंदापूरकडचा.

"म्हस हाय की!"

"आरं, म्हस कशी?"

"आमच्या पंढरपुरी म्हशीची शिंगं हातभर लांब असत्यात साहेब. पार पाठीला लागत्यात. गाय आमच्याकडं जर्शी, तिला शिंगंच बोटभर."

एकेकाला विचारलं. कोऱ्हाळ्याकडच्यांना लांब शिंगांत खिल्लार गाय दिसत होती आणि भीमेकाठच्यांना म्हैस. आजवर मशीनवर कोऱ्हाळ्याकडचीच माणसं असायची. दोन गट पडले. "म्हशीचं तोंड असं निमुळतं असतं व्हय?" "तुज्या घरी म्हस हाय का, का नुसतं बोलतोस?" असं भांडण जुंपलं. कोजागरीच्या सकाळी, गाड्या खोळंबलेल्या असताना, वीस माणसं एका खडूच्या चित्रावरून हमरीतुमरीवर आली. शेवटी साहेबांनी धाकल्या मालकांकडे वळून विचारलं, "मालक, तुमाला काय वाटतं?"

मालकांनी मान तिरकी करून बराच वेळ बघितलं.

"बकरा आहे ना?"

शेवंताबाई पातेलं ठेवून खाली बसल्या आणि पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. मग सगळेच. मालक लालबुंद झाले.

साहेब हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "संपतनं त्येच्या घरची म्हस वळखली. चित्र मी काढलं. मला वाटलं, जगातली गाय आमच्या दारातल्या गाईगतच असती. चूक माजी हाय. काढायचंच असंल तर मला काढा. पण त्या पोराला हात लावू नका, आन् हे दूध फसवून विकायचं न्हाय."

"आणि इंदापूरला टेम्पो गेलाय, त्याचं काय?" मालकांनी विचारलं. "ते कोण निस्तरणार?"

"जो चुकला, त्यो."

मालकांनी खोळंबलेल्या गाड्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "जा. तुमचं काय करायचं ते आल्यावर बघू." ती धमकी होती, सगळ्यांना कळलं. साहेबांनी ती परवानगी म्हणून घेतली आणि अर्ध्या तासात दुसरा टेम्पो म्हशीच्या खऱ्याखुऱ्या दुधानं भरून बाहेर पडले. सोबत संपत. आणि इंदापूर माझं गाव म्हणून मी.

वाटेत साहेबांनी एका मंडपवाल्याकडून भोंगा आणि माइक घेतला. भोंग्यावर आधीच्या लग्नाच्या झेंडूच्या माळा तशाच होत्या. त्या काढायला वेळ नव्हता. इंदापूरच्या बाजारात आमचा टेम्पो शिरला तो असा, नवरदेवाच्या गाडीसारखा सजून. साहेब टेम्पोच्या मागच्या बाजूला उभे राहिले आणि माइक तोंडाला लावला.

"ऐका हो ऐका! आज पहाटं आमच्या डेअरीच्या पिशव्या आल्यात, त्येच्यात घोटाळा हाय! निळ्या पिशवीवर म्हस हाय, आत गाय हाय! हिरव्या पिशवीवर गाय हाय, आत म्हस हाय! निळी पिशवी घेतलीया त्यानं हितं यावं आन् बदलून न्यावी! फोडलेली असली तरी चालंल! आटवली असली तरी चालंल!"

आधी लोकांना वाटलं, सर्कस आलीय. मग बाया आल्या, पिशव्या घेऊन, पातेली घेऊन. एकीनं अर्धं आटवलेलं दूध तसंच गरम पातेल्यात आणलं, आणि साहेबांनी तिला दोन पिशव्या दिल्या. हिरवी पिशवी घेतलेली एक आजी लांबूनच ओरडली, "आमी न्हाय देणार परत! आज लई झ्याक साय धरलीया!"

"ठेवा आज्जी, तुमच्या नशिबाची हाय!" साहेब माइकवरून म्हणाले. "पर उद्या साय पातळ आली तर आमाला शिव्या देऊ नका!"

एका हॉटेलवाल्यानं विचारलं, "साहेब, अशी चूक पुन्हा कधी हाय? आदी कळवा, हिरव्याच पिशव्या घेतो!"

गर्दीत एक धोतरवाले तात्या होते, काठीवर हनुवटी टेकून मघापासून ऐकत उभे. त्यांनी बाजार शांत करणारा प्रश्न विचारला. "पावनं, चूक झाली ती कुणाची? तेवढं सांगा की."

"माजी," साहेब माइकवर म्हणाले. भोंग्यातून ते 'माजी' पार वेशीपर्यंत गेलं असणार.

मग संपतनं काय केलं, ते मी आयुष्यात विसरणार नाही. आपल्या बुटांकडे बघून बोलणाऱ्या त्या पोरानं साहेबांच्या हातातला माइक ओढला. "न्हाय! नळी मी जोडली! साहेब उगाच सांगत्यात!"

"आरं, शिंगं मी काढली न्हवं?"

"शिंगं बरुबर हुती साहेब! मी इचारायला पायजे हुतं!"

"तुला इचारायची येळ आली, तितंच माजं चित्र चुकलं! सोड माइक!"

"न्हाय सोडत!"

माइक दोघांच्या मध्ये, भोंगा चालू, आणि सबंध बाजार साहेब आणि ऑपरेटरचं भांडण ऐकतोय. मी जन्मभर भांडणं ऐकली होती: चूक तुझी, चूक त्यांची, चूक सरकारची. चूक माझी यावरून दोन माणसं हातघाईवर आलेली पहिल्यांदाच बघत होते. धोतरवाल्या तात्यांनी शेवटी काठी आपटली. "आरं, दोघांत वाटून घ्या आन् दूध द्या! चांद उगवंल तवर!" बाजार पोट फुटेस्तोवर हसला. साहेब आणि संपतही हसायला लागले, माइकमधूनच, आणि भोंग्यानं ते हसणं किंचाळून बाहेर टाकलं.

दुपारपर्यंत निळ्या पिशव्या जवळजवळ सगळ्या बदलून झाल्या.

धाकल्या मालकांनी बोललेलं खरं केलं. साहेबांना मॅनेजरच्या खुर्चीवरून काढलं आणि दूध उतरवून घ्यायच्या धक्क्यावर पाठवलं. तिथं गावोगावच्या गाड्या येतात, कॅन उतरतात, दिवसभर खणखणाट. संपतला मात्र त्यांनी हात लावला नाही. साहेबांनी थोरल्या मालकांना भेटून एकच गोष्ट लिहून घेतली होती: संपतच्या सहा महिन्यांत या चुकीचा दिवस धरायचा नाही. स्वतःसाठी काहीच मागितलं नव्हतं. आणि पिशवीत भरल्यावरही दूध तपासायची पद्धत त्या आठवड्यापासून सुरू झाली, ती माझ्या प्रयोगशाळेकडे आली.

मी पेटले होते. रात्रभर बसून मी एक पत्रक लिहिलं. त्यात साहेबांना मी जवळजवळ हुतात्मा केलं होतं. सकाळी धक्क्यावर जाऊन ते त्यांना वाचायला दिलं. त्यांनी ओले हात शर्टाला पुसले, चष्मा लावला, सगळं वाचलं.

"सोनवणेबाई, ह्यात मी लई मोठा झालोय. एवढा मोठा माणूस ह्या धक्क्यावर मावायचा न्हाय."

"पण अन्याय झालाय साहेब!"

"झालाय. पर माज्यावर झालाय, त्यो मला झेपतोय. बायांना दुपारी बसून जेवाया अजून जागा न्हाय. त्येच्यावर लिवा. मी पयली सही करतो." त्यांनी हात पुढं केला. "पेन द्या."

त्या पत्रकावर पहिली सही त्यांचीच आहे. जेवणाची खोली झाली, त्याला वर्ष लागलं, तोवर मी तिथं नव्हते. पण माझ्या मनातला तो जुना मॅनेजर, चिरूटवाला, त्या दिवसापासून काही नीट उभा राहिला नाही. चिरूटवाले आहेतच, अजूनही आहेत, आणि त्यांच्याविषयी मी लिहीतच राहणार. पण आता मी कुणालाही विचारते: चूक झाली तेव्हा तुमच्या साहेबांनी काय केलं? तेवढ्यावरून मला बाकीचं कळतं.

सहा महिने पुरे झाले तेव्हा उन्हाळा होता. पुढच्याच आठवड्यात मी नोकरी सोडून पुण्याला आले, म्हणून साहेबांना पाहिलं ते शेवटचंच. धक्क्यावर चार गाड्या एकदम लागलेल्या. कॅनचा नुसता गोंगाट. साहेब घामानं निथळत, गमबुटांत, कॅनची झाकणं उघडून वास घेत होते. संपत पळत आला. हातात कायम केल्याचं पत्र. ते त्यानं साहेबांपुढं धरलं.

"हात वले हैत," साहेब म्हणाले. "वाच."

संपतनं वाचलं. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मोठ्यांदा वाच. त्या मागच्या गाडीच्या ड्रायव्हरला ऐकू गेलं न्हाय."

संपतनं पुन्हा वाचलं, मोठ्यांदा. कॅन उतरवणारे थांबले. ड्रायव्हरांनी इंजिनं बंद केली. टाळ्या झाल्या, कुणीतरी शिट्टी मारली.

"आता एकदा माज्यासाठी," साहेब म्हणाले.

संपतनं कागद सरळ केला आणि तिसऱ्यांदा सुरुवात केली. धक्क्यावर सगळं शांत होतं. साहेब एका हातानं कॅनचं झाकण धरून उभे होते, आणि त्याच्या एकेका शब्दाबरोबर त्यांचे ओठ हलत होते.